मुशी, पडदा आणि डावा हात

आमच्या शाळेतल्या नववी अच्या भिंतीवर बसवलेल्या चकचकीत पडद्यावर जे पहिलं मराठी वाक्य उमटलं, ते माझ्या बायकोचं होतं. मजकूर असा: 'येताना मुशी आणू नका. मंगळवारचं विसरलात वाटतं. ताक करून ठेवलंय.'

फोन पडद्याला जोडायची विद्या मी आदल्याच दिवशी शिकलो होतो. फोनमधलं चित्र पडद्यावर दिसतं एवढं समजलं होतं. फोनमधलं सगळंच दिसतं, हे समजायचं राहिलं होतं. मी मोठ्या ऐटीत शनी दाखवत होतो. त्याच्या कड्यांवर बोट ठेवून 'बघा, निसर्गाची किमया' असं म्हणालो आणि कड्यांवर सविताचा निरोप येऊन बसला. मी झडप घालून फोन टेबलावर पालथा घातला. फोन पालथा घातल्यानं पडदा पालथा होत नाही, ही दुसरी विद्या त्याच मिनिटात शिकलो.

मग खिडकीजवळच्या बाकावरून रोशनीनं हात वर केला. रोशनी म्हणजे चिंचणीकडची, बापाची मासेमारीची बोट, आई बाजारात मासळी विकणारी; मुशी म्हणजे लहान शार्क मासा, हे तिला सांगावं लागत नाही.

"सर, मंगळवारी तुमी आला नव्हता."

"हं."

"मोठ्या बाई म्हणाल्या, सर ट्रेनिंगला गेलेत."

खुलासा करतो. आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, कुठलाही शिक्षक कुठल्याही कारणानं गैरहजर असला तरी मुलांना 'ट्रेनिंगला गेलेत' असंच सांगतात. एकदा एका सरांच्या लग्नाच्या दिवशीही सांगितलं होतं, आणि तेव्हा कोणाला ते फारसं चूक वाटलं नव्हतं.

"ट्रेनिंगला मुशी देतात काय सर?" मागून कोणीतरी.

"अरे, ताक पोट बिघडल्यावर देतात. म्हणजे सोमवारी रातीला खाल्ली मुशी."

"आणि जास्त खाल्ली," रोशनी म्हणाली. "नायतर घरच्या बाई आज आठवण कशाला करतील?"

मी पुस्तक उघडून शनीकडे परत गेलो. पण मनात नोंद झाली. कंपनीनं हा पडदा आम्हाला ज्या कामासाठी दिला होता, ते काम माझ्या मदतीशिवाय पाच मिनिटांत उरकलं होतं.

ते काम कोणतं, ते सांगतो. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीनं आमच्या शाळेला हा पडदा दिला. कंपनीचं नाव सांगत नाही. पडद्याच्या चौकटीवर चारही बाजूंनी छापलेलं होतं, तेवढी प्रसिद्धी पुरे. त्याचं खरं नाव डिजिटल पॅनेल. बोटानं लिहिता येतं, पुसता येतं, इंटरनेट लागतं, वीज गेली की तो काळा पडतो आणि त्यात आपलंच तोंड दिसतं. पालघर जिल्ह्यात राहणाऱ्यांना हे शेवटचं वैशिष्ट्य सगळ्यात जास्त बघायला मिळतं. पडदा एक वर्षाच्या परीक्षेवर दिला होता. पडद्याच्या मदतीनं मुलांमध्ये 'चिकित्सक विचार' वाढीला लावायचा, वर्षअखेरीला कंपनीचे साहेब येऊन बघणार. पसंत पडलं तर पडदा कायमचा आमचा, शिवाय शेजारच्या नववी बलाही एक. नाही पडलं तर उचलून दुसऱ्या शाळेत.

चिकित्सक विचार कसा शिकवायचा यासाठी मात्र मी खरोखरच ट्रेनिंगला गेलो होतो. पालघरला, एका हॉलमध्ये, दिवसभर. एक विद्वान गृहस्थ पडद्यावरचा मजकूर आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवत होते. 'विद्यार्थ्याला प्रश्न विचारण्याचं स्वातंत्र्य द्या' हे वाक्य ते वाचत असताना एका बाईंनी हात वर केला. गृहस्थ म्हणाले, "प्रश्न शेवटी." शेवटी प्रमाणपत्रं वाटायची होती, आणि वैतरणेकडच्या मंडळींना गाडी गाठायची होती. माझं प्रमाणपत्र अजून कपाटात आहे. त्यावर मी चिकित्सक विचारात 'निपुण' असल्याचं छापलेलं आहे. कशावरून, ते छापलेलं नाही.

तिथून येताना मी स्वतःपुरते तीन प्रश्न तयार केले. कोणीही काहीही सांगितलं की विचारायचं: कोण म्हणतं? कशावरून म्हणतं? आणि तसं म्हणून त्याला काय मिळतं? नववीच्या दोन्ही तुकड्यांना विज्ञान मीच शिकवतो. अ तुकडीत हे प्रश्न मी पडद्यावर तीन रंगांत झळकवले. ब तुकडीत खडूनं फळ्यावर लिहिले. तिथे रंगीत खडू संपले होते.

पडद्याबरोबर आणखी एक वस्तू आली होती, ती मला पडद्यापेक्षाही आवडली. ठोकळ्याठोकळ्यांची नक्षी छापलेली पुठ्ठ्याची कार्डं. प्रत्येक मुलाला एक. कार्ड चार बाजूंनी धरता येतं. वर येणारी बाजू म्हणजे अ, ब, क किंवा ड. मुलांनी कार्ड वर धरायचं, मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, की कोणाचं उत्तर काय याचा आलेख लगेच पडद्यावर. शेजारच्याला काही कळत नाही, कारण प्रत्येकाची नक्षी वेगळी.

याची थोरवी बाहेरच्यांना कळायची नाही. आमच्या धंद्यात वर्गातले हात कसे वर होतात, ते ठाऊक हवं. आधी पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीचा हात वर होतो. मग तिच्याकडे बघून दुसऱ्या बाकाचे. मग तिसऱ्या. शेवटच्या बाकापर्यंत पोचेस्तोवर प्रश्न काय होता हे कोणाच्या लक्षात नसतं, पण मत एकमुखी असतं. शिक्षकही खूश होतो. कार्डं आल्यावर पहिल्या दिवशी एका प्रश्नाला चारही उत्तरांवर सारखी मतं पडली, आणि गेली वीसेक वर्षं माझा वर्ग मला 'समजलं' म्हणत होता ते आठवून मी खुर्चीवर बसलो.

असो. पडदा, कार्डं आणि तीन प्रश्न घेऊन आमचं सुरू झालं.

एकदा गावच्या ग्रुपवर फोटो फिरत होता. वाळूवर पडलेला घराएवढा मासा, भोवती माणसं, आणि खाली: 'चिंचणीच्या किनाऱ्यावर सापडला, जास्तीत जास्त शेअर करा.' मी तो पडद्यावर लावला आणि कार्डं मागितली. खरा, खोटा, सांगता येत नाही, आणि आधी जवळून दाखवा. बहुतेकांनी 'खरा' दिला, कारण काकांनी पाठवला होता. मी बोटांनी फोटो मोठा केला.

"सर, त्या माणसानं कोट घातलाय," अंकित म्हणाला. त्याचे वडील बिहारकडून येऊन एमआयडीसीत कामाला. "चिंचणी में कोट कौन पहनता है?"

"एखादा नवरदेव आसंल."

"सगळेच नवरदेव?"

"सर, वाळू बगा ना," रोशनी म्हणाली. "आपली अशी पांढरी नाय. आणि ती बोट आपल्याकडची नाय. पुढचं टोक, नाळ, तशी नसते आमची."

पुन्हा कार्डं. आलेख उलटा झाला. मला एवढा आनंद झाला की घरी जाऊन सविताला सगळं साग्रसंगीत सांगितलं. तिनं विचारलं, "पण मासा कुठला होता?" ते बघायचं राहून गेलं होतं.

सविता माहीमची. इथल्या पालघरजवळच्या माहीमची; मुंबईचं माहीम समजणाऱ्यांशी ती बोलत नाही. माहेरी पानवेलीची वाडी. मी सांगलीकडचा, नोकरीसाठी इकडे आलो आणि तिच्यामुळे मासळी खायला शिकलो. किती खायची ते शिकायचं राहिलं, हे आता नववी अला माहीत आहेच. त्या पहिल्या दिवसानंतर सवितानं मला साधा निरोप पाठवणंच सोडलं. 'आदरणीय सर, वर्गातील सर्व विद्यार्थ्यांना नमस्कार. शाळा सुटल्यावर कोथिंबिरीची जुडी आणावी, ही नम्र विनंती.' मी सांगून बघितलं, अगं, मी ते निरोप दिसायचे बंद करून टाकलेत.

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो."

"कशावरून?"

तीन प्रश्न घरी सांगितले, ही दुसरी चूक. ते फक्त माझ्याच घरी पोचले असते तर एकवेळ चाललं असतं. एके दिवशी रोशनीची आई टोपली व्हरांड्यात टेकवून थेट वर्गाच्या दारात उभी राहिली.

"मास्तर, माझ्या पोरीला काय शिकवताव तुमी?"

"का हो, काय झालं?"

"बाजारात माझ्या बाजूला बसली व्हती. मी गिऱ्हाईकाला सांगतंय, पापलेट ताजा हाय, आजचा हाय. तर ही मधीच मला इचारते, 'आई, कशावरून?' गिऱ्हाईकासमोर! वर म्हणते, 'ताजा म्हणून तुला काय मिळतं?' अरे, पैसं मिळतात! धंदा बसवाल माजा."

वर्ग फुटला. रोशनीनं मान खाली घातली, पण हसताना खांदे हलत होते. मी आईची माफी मागितली. ती टोपली उचलताना म्हणाली, "आता मी पयला माशाचा लाल कल्ला उघडून दाखवते नि मंग भाव सांगते. धा रुपये जास्तीच सांगते." आणि मला तिनं दारातच दोन बोंबील दिले. कशावरून ताजे, ते मी विचारलं नाही.

या रोशनीचा पडद्यावर फार जीव. सकाळी तीच पुसणार, तीच चालू करणार. मधल्या सुट्टीत ती त्यावर नकाशा उघडायची. आधी आमची शाळा, मग चिंचणीचा किनारा, त्यांचं घर, त्यांच्या बोटी लागतात ती जागा. मग बोटानं सरकवत सरकवत समुद्रात. पुढे नुसता निळा रंग, त्यात काही दिसत नाही. तरी ती तिथेच थांबायची.

"काय बघतेस गं?"

"बाबा हितं कुटंतरी हायत, सर."

तिच्या घरच्या फोनवर हाच नकाशा उघडतो, मी म्हटलं. ती म्हणाली, "फोनवर समुद्र एवडासा दिसतो." तेव्हापासून मला हा पडदा कंपनीसाठी किंवा प्रमाणपत्रासाठी नाही, तर भिंतीवर राहावा म्हणून हवासा झाला.

वर्ष संपत आलं. साहेब येणार म्हणून निरोप आला. मोठ्या बाईंनी मला ऑफिसात बोलावलं.

"सर, त्या दिवशी पोरांनी काय विचार करायचा, ते ठरलंय का?"

"बाई, चिकित्सक विचार असा आधी ठरवून..."

"ठरवून नाही हो. तालीम."

तालीम झाली. उत्स्फूर्त प्रश्न कोण विचारणार, कोणत्या क्रमानं, हे मी चिठ्ठ्यांवर लिहून दिलं. विषय निवडला, 'मोबाइल: शाप की वरदान'. या विषयावर महाराष्ट्रातल्या कुठल्याही मुलाला झोपेतून उठवलं तरी तो बोलतो. आणि वर आमच्या धंद्यातली एक जुनी युक्ती वापरली. ती इतकी जुनी आहे की आता उघड करायला हरकत नाही. तपासणीला साहेब आले की ज्याला उत्तर येतं त्यानं उजवा हात वर करायचा, ज्याला येत नाही त्यानं डावा. साहेबांना वर्गभर हात दिसतात. गुरुजी फक्त उजव्या हातवाल्यांना उभं करतात. मुलांना चारचारदा बजावलं. रोशनीनं विचारलं, "खरंच येत नसंल तर डावाच ना सर?" मी म्हटलं, "डावाच."

साहेब आले. भला माणूस. मध्यम वयाचे, शर्टाच्या खिशाला कंपनीचं ओळखपत्र, मोठ्या बाईंनी दिलेलं गुलाबाचं फूल कुठे ठेवावं हे न सुचून हातातच धरलेलं. मोबाइल शाप की वरदान हे घड्याळाच्या काट्याप्रमाणे पार पडलं. वरदानवाले आणि शापवाले आपापल्या चिठ्ठ्यांनुसार बोलले, शेवटी 'वापरणाऱ्यावर अवलंबून' या ठिकाणी सगळे सुखरूप पोचले. मोठ्या बाई माझ्याकडे बघून हसल्या. वर्षातून एकदा हसतात.

मग साहेब दोन शब्द बोलायला उठले.

"मला फार आनंद होतोय," ते म्हणाले, "की आमच्या या पॅनेलमुळे या शाळेतली मुलं स्वतंत्र विचार करायला लागली. बरोबर आहे की नाही? हो म्हणणाऱ्यांनी हात वर करा बघू."

वर्गभर हात वर झाले. सगळे उजवे. एक सोडून.

खिडकीजवळ रोशनीचा डावा हात सरळ वर. साहेबांना आमची युक्ती माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांना तो हात वेगळा दिसला, एवढंच. त्यांनी गुलाबाचं फूल तिच्या दिशेनं केलं.

"हां, ती मुलगी. तू सांग."

मी रिमोट दाबला. आभाराचं गाणं तयार ठेवलं होतं, ते लावावं म्हणून. पुढे मोठ्या बाईंनी मला विचारलं की तुम्ही मुलीला बोलू का दिलंत. मी काही शूरपणा केला नाही. रिमोटमधला सेल संपला होता.

रोशनी उभी राहिली. "मला उत्तर येत नाय सर, म्हणून डावा हात केला."

"कुठलं उत्तर?"

"पडद्यामुळे आमी विचार करायला लागलो, हे तुमी म्हणता. पण कशावरून?"

मोठ्या बाईंनी पाण्याचा ग्लास साहेबांपुढे केला. साहेब फूल खाली ठेवून पुढे आले. त्यांनी चिडायला हवं होतं. मला तयारी करायला तेवढा वेळ मिळाला असता. पण ते म्हणाले, "चांगला प्रश्न आहे. मग कसं ठरवायचं? तूच सांग."

रोशनीनं थोडा विचार केला. तिचा विचार मला दिसत होता, जसा समोरून अंगावर येणारा ट्रक दिसतो.

"शेजारी नववी ब हाय. त्यांच्याकडं पडदा नाय. त्यांना पण सर तेच तीन प्रश्न शिकवतात, फळ्यावर. त्यांच्यातल्या कोणाला तरी बोलवा. त्यांना येत नसंल तर पडद्यामुळे झालं."

आणि येत असेल तर? हे ती म्हणाली नाही. म्हणायची गरज नव्हती. विज्ञानाच्या तासाला दोन कुंड्या, एकीला पाणी, एकीला नाही, हे तिला मीच शिकवलं होतं. फळ्यावर.

ब तुकडीतून संतोष आला. डोंगराकडच्या पाड्यावरचा, घरी भातशेतीचा तुकडा; पावसाळा संपला की आईबाप कामाला बाहेर पडतात, हा आजीपाशी राहून शाळेला येतो. तालमीत तो नव्हताच. साहेबांनी मला सांगितलं, याला काहीतरी दाखवा. पडद्यावर हाताला लागला तो जुना फोटो लावला, चिंचणीचा मासा. संतोषनं कधी पाहिला नव्हता. साहेब म्हणाले, "हा मासा चिंचणीला सापडला. काय वाटतं तुला?"

संतोष दाराला टेकून उभा. त्यानं पडद्याकडे बघितलं, मग साहेबांकडे.

"कोण म्हणतं, सर?"

"मी म्हणतो."

"तुमी बघितलाव काय?"

"नाही. कोणीतरी पाठवला."

"मंग त्यानं तरी बघितला का, ते इचारा ना त्याला."

साहेब हसले. संतोष हसला नाही. तो वर्गातल्या सगळ्यांकडे, चकचकीत बुटांकडे, माझ्या नव्या शर्टाकडे बघत होता.

"आणि सर," तो म्हणाला, "सगळी शाळा सोडून आज मलाच कशाला बोलावला?"

त्यानंतर साहेबांच्याच आग्रहावरून आम्ही कार्डं घेतली. प्रश्न त्यांनी स्वतः पडद्यावर बोटानं लिहिला: पॅनेलमुळे आपण विचार करायला लागलो. हो, नाही, सांगता येत नाही, अजून माहिती हवी. मी फोन वर्गावरून फिरवला. पडदा क्षणभर थांबला आणि मग त्यानं स्वतःबद्दलचा आलेख स्वतःच काढून दाखवला. 'हो' ची पट्टी सगळ्यात बुटकी. 'सांगता येत नाही' छताला टेकायला आलेली. इतकं चोख उत्तर माझ्या वर्गानं त्याआधी कधी दिलं नव्हतं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, "सर, तुमच्या मुलांनी मला जिंकलं."

मी हवेत होतो. मोठ्या बाई जमिनीवर होत्या. "बघू या," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात कंपनीतून ऑफिसला फोन आला. साहेबांनी फार चांगला अहवाल दिला आहे. तुमच्या शाळेत उद्दिष्ट पूर्णपणे साध्य झालं आहे, मुलं पॅनेलशिवायही उत्तम विचार करतात हे सिद्ध झालं आहे. तेव्हा पॅनेल अधिक गरज असलेल्या शाळेला देण्यात येत आहे. अभिनंदन.

पडदा काढायला आला तो बसवायला आला होता तोच मुलगा. स्क्रू काढता काढता म्हणाला, "सर, ठीक से चल नहीं रहा था क्या?"

"बहुत अच्छा चल रहा था."

"तो फिर निकाल क्यों रहे हैं?"

"अच्छा चल रहा था, इसलिए."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की पुढे काही विचारलं नाही. मीच विचारलं, कुठे चालला. कुठल्याशा मोठ्या शाळेत, तिथे आधीचे दोन आहेत, हा तिसरा. तिथे काय करतात त्याचं? "गाने बढ़िया बजते हैं, सर."

भिंतीवर चार भोकं राहिली आणि मध्ये एक आयताकृती जागा, बाकीच्या भिंतीपेक्षा स्वच्छ. शाळा सुटल्यावर सगळी मुलं गेली तरी रोशनी थांबली. हातात पडदा पुसायचं फडकं. तिनं त्या जागेच्या खालून बोट फिरवलं, धूळ लागते का बघितल्यासारखं.

"सर, ब तुकडीला पण मिळणार होता ना?"

"हो."

"मी गप ऱ्हायला पायजे होतं का?"

वर्षभर मी तिला शिकवत होतो की प्रश्नाला घाबरायचं नाही. आता तिनं विचारलेला प्रश्न ऐकून मी पेन शर्टाच्या खिशाला लावलं, ते आधीच लावलेलं होतं, मग वही उचलली, घड्याळ बघितलं. आणि म्हणालो, "बघू."

ती "बरं सर" म्हणाली, फडकं घडी करून माझ्या टेबलावर ठेवलं आणि गेली.

घरी आलो. सविता स्वयंपाकघरात होती. मी खुर्ची ओढून बसलो आणि तिला सगळं सांगितलं, जरा रंगवूनच सांगितलं. अगं, हा एका अर्थी आमचा विजयच आहे. पडदा गेला, पण का गेला? मुलं इतकी पुढे गेली म्हणून गेली. जगात असं कुठे झालंय का सांग. कंपनीचा फोन, संतोषचा प्रश्न, स्क्रू काढणारा मुलगा, सगळं सांगून झालं. शेवटी रोशनीचंही सांगितलं, जाता जाता, तेवढंसं महत्त्वाचं नसल्यासारखं.

सविताचा हात थांबला.

"मग तुम्ही काय सांगितलंत तिला?"

"म्हटलं, बघू."

"बघू?"

"हो."

"तुमच्या त्या कार्डावर 'बघू' कुठल्या बाजूला येतं? अ ला की ड ला?"

तिनं गॅस बारीक केला, पदराला हात पुसले आणि एक वर्षभर पाळलेला औपचारिकपणा सोडून सरळ म्हणाली:

"उद्या वर्गात गेलात की आधी त्या पोरीला सगळ्यांसमोर 'नाही' म्हणून सांगा, मग खडू हातात घ्या. आणि येताना मुशी आणा. आता कोण वाचतंय!"